लेखनिक हुशार पाहिजे

"लेखनिक हुशार पाहिजे," डुबल सर म्हणाले. "नुसतं अक्षर चांगलं असून भागत नाही."

हे ते आईला सांगत होते. मी आईच्या शेजारच्याच खुर्चीत होते, पुढं घसरू नये म्हणून ओढणीनं पाठीशी बांधलेली. पण हेडसरांच्या केबिनमध्ये माझ्याकडं बघून बोलायची पद्धत नव्हती. बघून बोललं की उत्तर ऐकत बसावं लागतं, आणि माझं उत्तर यायला वेळ लागतो.

एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढं अडायला नको. जन्मल्यावर मी लगेच रडले नाही. तेवढ्या उशिरानं हातपाय आखडले, मान डुलायला लागली आणि जीभ जड झाली. डोकं शाबूत राहिलं. गावाला हे पटायला बरीच वर्षं लागली, काहींना अजून पटलेलं नाही. मी काय बोलते ते सवयीच्या माणसाला सगळं कळतं. बिनसवयीच्या माणसाला वाटतं, हिच्या घशात काहीतरी अडकलंय. आता हे सगळं मी मोबाईलवर उजव्या अंगठ्यानं लिहितेय, एकेक अक्षर दाबून, त्यामुळं यातला शब्दन् शब्द माझा आहे. तेव्हा तसं काही नव्हतं. मी सांगायचं आणि दुसऱ्या कुणीतरी लिहायचं. दहावीच्या परीक्षेत त्या दुसऱ्याला लेखनिक म्हणतात, आणि तो खालच्या वर्गातला लागतो. खालच्या वर्गातला अशासाठी, की त्याला उत्तरं माहीत नसावीत.

केबिनमध्ये चौथ्या होत्या मुल्ला मॅडम. आमच्यासारख्या मुलांसाठी नेमलेल्या फिरत्या शिक्षिका. दर गुरुवारी स्कूटीवरून आमच्या गावाला, बोरजाईला, यायच्या. मला शाळेत घाला म्हणून आई-आण्णांच्या हात धुऊन मागं लागल्या त्या याच. एका श्वासात चार शब्द, मग थांबायचं, मग पुढचे चार, हे बोलणं मला त्यांनीच शिकवलं. त्या म्हणाल्या, "सर, परीक्षा जयमालाची आहे. तिला विचारू या ना. जयमाला, तुला लेखनिक कोण हवी?"

"मंगल," मी म्हणाले.

सरांनी आईकडं पाहिलं. "काय म्हणते?"

आईनं सांगितलं. मंगल म्हणजे मंगल कोळी, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, नववीतली. लहानपणापासून माझ्या शेजारी फतकल मारून बसलेली. अभ्यासात यथातथाच, पण माझा अर्धा शब्द तिला पुरायचा. मी कुठं दम घेतेय आणि कुठं वाक्य संपलंय, हे तिला माझ्या मानेवरून कळायचं.

सर हसले. मंगलला स्वतःचाच पेपर धड लिहिता येत नाही, ती दुसऱ्याचा काय लिहिणार, असं म्हणाले. त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. प्रणिता खोत, नववीत पहिली येणारी, मोत्यासारखं अक्षर. शाळेचा निकाल गेली कित्येक वर्षं शंभर टक्के लागतोय, फाटकावरच्या फलकावर तसं रंगवलेलंसुद्धा आहे, आणि हिचं नुकसान होऊ नये एवढाच आपला हेतू आहे, असं बरंच काही बोलले. फलक मला माहीत होता. तो तसाच राहावा म्हणून दरवर्षी वर्गातल्या कच्च्या पोरांना बाहेरून फॉर्म भरायला लावायचे, तेही माहीत होतं. मला तसं बाहेर काढता आलं नाही, कारण मुल्ला मॅडम आडव्या आल्या असत्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "उत्तरं मी सांगणार आहे. मग ती हुशार कशाला लागते? चोरी करायचीय का?"

एवढं बोलायला मला किती वेळ लागला असेल, कल्पना करा. तोवर सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. मॅडमनी खाली बघून हसू दाबलं. सरांनी परत आईकडं पाहिलं.

"ती म्हणते, तुम्ही म्हणाल तसं," आई म्हणाली.

माझं तोंड वाईट आहे, हे आईला ठाऊक होतं. म्हणून माझं बोलणं ती नेहमी चाळून पुढं द्यायची. लोकांना वाटायचं, किती गुणी पोरगी.

मॅडमनी मात्र सोडलं नाही. लेखनिक कोण हवा हे विद्यार्थ्यानं सांगायचं असतं, मी तसा अर्ज देते, म्हणाल्या. सर म्हणाले, द्या की, बघू. शाळेत "बघू" म्हणजे काय असतं, हे सगळ्यांना माहीत असतं.

त्यानंतर सरांनी आणखी एक कृपा केली. दहावीचा वर्ग माडीवर होता आणि आण्णा मला रोज पाठीवर घेऊन जिना चढायचे. सरांनी त्यांना बोलावून सांगितलं, की आता अभ्यासक्रम संपत आलाय, पोरीला कशाला हाल, घरीच अभ्यास करू दे. आण्णांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यांची पाठ खरंच दुखायची, पण ते कधी बोलले नव्हते. सर बोलले म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं असणार. मी घरी बसले.

घरी मी आणि मंगलनं काय कमी केलं नाही. ती शाळेतून आली की भाकरीचा तुकडा तोंडात कोंबून आमच्याकडं. मी बोलायची, ती लिहायची. तिच्या वेलांट्या उलट्यासुलट्या, पण वाक्य माझं असायचं. इतिहास माझ्या आवडीचा. पुस्तकात पाच ओळींत आटोपलेला उठाव मी तिला माझ्या शब्दांत तासभर सांगायची, आणि ती लिहिता लिहिता मधेच विचारायची, "मग पुढं काय झालं गं?" चुकायचंही पुष्कळ. गणितात तर मी ढ होते, अजून आहे. माझा हिशोब पन्नास-पंचावन्न टक्क्यांचा होता, आणि तेवढ्यात मी खूश होते. बोरजाईत माझ्यासारखं कुणी दहावीला बसलंच नव्हतं.

एका संध्याकाळी मंगल म्हणाली, "सर प्रणिताचे जादा तास घ्यायला लागलेत."

मी विचारलं, कसले. नववीचे असतील.

"न्हाई. दहावीचे. सगळे विषय. तिच्याकडून गाइडं पाठ करून घेतात, आणि धडाधडा लिहून दाखवायला लावतात. एकटीलाच बसवतात ऑफिसात."

माझी परीक्षा, मी घरी, आणि जादा तास लेखनिकेला. मला तेव्हाच उमजायला हवं होतं, पण मी म्हटलं, सर काटेकोर आहेत, शब्द चुकू नयेत म्हणून करत असतील. गुरुवारी मॅडम आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. बोर्डाकडं नाव प्रणिताचंच गेलं होतं. मॅडमचा अर्ज सरांच्या टेबलावर होता तिथंच राहिला. मॅडम म्हणाल्या, आता वाद घातला तर लेखनिकच मिळायचा नाही, उशीर झालाय, जमवून घे. मग प्रणिता माझ्याबरोबर सराव करायला घरी आली. एकदाच. दाराकडं तोंड करून बसली. मी चार शब्द बोलले की ती आईकडं बघायची, आई सांगायची, मग ती लिहायची. आईनं तिला शिरा केला. तो खाऊन ती गेली ती परत आली नाही.

परीक्षा तालुक्याला होती. आण्णांनी एम-एटी गाडीवर मला पुढं बसवलं, आई मागं. केंद्रावर आमच्यासाठी वेगळी खोली दिली होती, तळमजल्यावरची प्रयोगशाळा. खोलीत मी, प्रणिता आणि एक पर्यवेक्षक. दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेचे, पोट सुटलेले, स्वभावानं गरीब. माझ्या मानेकडं पाहून त्यांनी लगेच नजर दुसरीकडं वळवली. आई-आण्णांना फाटकाबाहेर थांबायला सांगितलं.

पहिला पेपर मराठीचा. धड्यांवरचे प्रश्न मी सांगत गेले. प्रणिता भराभर लिहीत होती. फारच भराभर. माझे चार शब्द संपायच्या आत तिची ओळ संपायची. मी मनात म्हटलं, वा, हिनं घरी सराव केलेला दिसतोय. निबंधात "माझी शाळा" होतं. तो मी मुद्दाम निवडला. सांगायला माझ्याकडं भरपूर होतं.

मी सांगायला लागले. माझ्या शाळेला एकोणीस पायऱ्या आहेत आणि त्या मी एकदाही स्वतः चढलेले नाही. माझ्या शाळेत मला जाता येईल असं बाथरूम नाही, म्हणून मी सकाळपासून पाणी पीत नाही. उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटते, मग माझं बोलणं आणखीनच कुणाला कळत नाही. मधल्या सुट्टीत सगळे मैदानावर जातात, मी खिडकीतून कुठली मुलगी कुणाशी भांडली ते बघते आणि नंतर त्यांची भांडणं मिटवते. तरीसुद्धा मला ही शाळा सोडायची नाही.

 श्वास घ्यायला मी थांबले. प्रणिताचं पेन थांबलं नाही.

मी मान तिरकी करून तिच्या पानाकडं पाहिलं. वाचायला मला कुणी लागत नाही. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: माझ्या शाळेची इमारत भव्य व सुंदर आहे. शाळेच्या प्रांगणात विविधरंगी फुलझाडे आहेत. आमचे मुख्याध्यापक शिस्तप्रिय व प्रेमळ आहेत.

आधीच्या पानांवर काय असेल, ते मला त्या तीन ओळी वाचूनच कळलं.  मी प्रणिताला म्हणाले, हे मी सांगितलेलं नाही. तिनं मान वर केली नाही. परत म्हणाले. तिचा कान लाल झाला, पण पेन चालूच. मग मी पर्यवेक्षकांना हाक मारली. ते धावत आले. मी होता नव्हता तेवढा दम एकवटून म्हणाले, "ती माझं लिहीत नाही. ती तिचंच लिहितेय."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय पाहिजे बाळ? पाणी?"

मी नाही म्हणून मान हलवली. माझी मान हो आणि नाहीला एकसारखीच हलते, हे त्या बापड्याला कुठून माहीत असणार. त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि माझ्या तोंडाला लावलं. निम्मं अंगावर सांडलं. मी परत तेच बोलले. ते प्रणिताकडं वळले. "काय म्हणते गं ही?"

प्रणिता उभी राहिली, सर आल्यावर वर्गात उभं राहतात तशी. म्हणाली, "काही नाही सर. उत्तर सांगतेय."

पेपर संपल्यावर पर्यवेक्षक तिकडं गठ्ठा बांधत होते, तेवढ्यात मी तिला गाठलं. म्हणजे केंद्रावरच्या चाकाच्या खुर्चीतून ती मला ढकलत नेत होती, पळून जाणार कुठं. का केलंस, एवढं एकच विचारलं, आणि ते तिला बरोबर कळलं. ती रडायलाच लागली. हमसाहमशी. सरांनी सांगितलंय, म्हणाली, जयमालाचं ऐकल्यासारखं करायचं आणि आपलं लिहायचं. तिच्यावर सोडलं तर ती नापास होणार आणि शाळेचं नाव जाणार, आणि ते तुझ्यामुळं गेलं असं होईल.

"आणि मला तुझं बोलणं खरंच कळत नाही गं," ती म्हणाली. "काय लिहू मी?"

पोरगी चौदा वर्षांची. तिचा राग राग करावा असं वाटेना, आणि केल्याशिवाय राहवेना.

घरी आल्यावर आईनं आमटीभात कालवला आणि मला भरवायला बसली. मी तोंड मिटून घेतलं. तिनं दोनदा घास पुढं केला. मग ताट खाली ठेवलं. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या पानापासून. मला वाटलं होतं, ती उठेल, पदर खोचेल, सरांच्या दारात जाऊन उभी राहील. आई तशी भांडखोर. नळावर तिच्यापुढं कुणी टिकायचं नाही.

ती भाताकडंच बघत राहिली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"सर बोलले होते," ती म्हणाली. "बोलले, काळजी करू नका, पोरगी पास होईल, आमच्यावर सोडा. मी काय न्हाई म्हणू?"

"मला विचारायचं."

"तू न्हाई म्हणाली असतीस." तिनं पदरानं माझी हनुवटी पुसली. "जयू, तुझं तुला कळतंय, मला मान्य आहे. पण पोटापाण्याचं काय? दहावी पास असलीस तर कुठंतरी खुर्चीत तरी बसवतील. तू नापास झालीस तर लोक म्हणणार, बघा, उगाच शाळेत घातली. मी आहे तोवर घास भरवीन. पुढं कोण भरवणार हाय?"

"मी पास झाले असते."

"आणि झाली नसतीस तर?"

"तर मी नापास झाले असते. मी."

आण्णा दारात चाकाला हवा भरत होते. पंपाचा आवाज थांबला. त्यांनी आत डोकावून विचारलं, काय झालं. आई म्हणाली, काही नाही, पेपर अवघड गेलाय तिला. पंप परत सुरू झाला. त्या रात्री मी जेवले नाही, दुसऱ्या दिवशी जेवले. भूक लागते, काय करणार.

इंग्रजी, गणित, विज्ञान, सगळे पेपर तसेच झाले. मी सांगत राहिले. अगदी सगळं सांगितलं, एकही प्रश्न सोडला नाही. मला माहीत होतं की कुठं काही जाणार नाही, तरी सांगितलं. प्रणिता माझ्याकडं न बघता लिहायची आणि अधूनमधून "हं, हं" म्हणायची. तिचं ते "हं" ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गणितात मला काही येत नव्हतं, तिला येत होतं. माझ्या नावावर एक गणित तिनं दोन पद्धतींनी सोडवलं.

शेवटच्या पेपराच्या आधीचा गुरुवार. मुल्ला मॅडम आल्या. आईनं त्यांना चहा दिला आणि काम काढून बाहेर गेली. मी मॅडमना सांगितलं. त्यांना माझं प्रत्येक अक्षर कळायचं, त्यामुळं त्यांना टाळता आलं नाही. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. 

"तक्रार केली तर काय होईल सांगू?" त्या म्हणाल्या. "चौकशी लागेल. तुझा निकाल राखून ठेवतील. प्रणिताला कॉपी केसमध्ये धरतील, तिची पुढच्या वर्षीची दहावी गेली. सर सुटतील, ते म्हणणार पोरीनं आपल्या मनानं केलं. आणि पुढच्या वर्षी माझ्या आणखी दोन मुलांना दहावीला बसवायचंय. कुठली शाळा घेईल त्यांना? म्हणतील, ही मुलं घेतली की चौकशी लागते."

मी विचारलं, मग मी काय करू?

"तू ठरव," मॅडम म्हणाल्या. "तू ठरवशील त्याच्या मागं मी उभी राहीन."

पाचवीपासून त्या मला सांगत आल्या होत्या, तुझं तू ठरवायचं, कुणी दुसऱ्यानं नाही. आणि ठरवायला मिळालं ते हे. मी त्यांना म्हणाले, तुम्ही जा. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला, तो मी मान झटकून काढला. चहा तसाच राहिला.

शेवटचा पेपर इतिहासाचा. मी ठरवलं, की तक्रार करायची नाही, पण मदतही करायची नाही. तोंडच उघडायचं नाही. लेखनिक विद्यार्थी सांगेल तेवढंच लिहितो. विद्यार्थी काही सांगतच नसेल आणि लेखनिक लिहीत असेल, तर खोलीत बसलेल्या माणसाला ते दिसणार की नाही? आंधळ्यालासुद्धा कळेल. मग ते काय करायचं ते करतील. प्रश्न ते विचारतील, मी नाही.

प्रश्नपत्रिका आली. प्रणितानं पहिला प्रश्न वाचून दाखवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी ओठ घट्ट मिटून समोरच्या काचेच्या कपाटाकडं बघत बसले. कपाटात बरण्या होत्या. ती थांबली. मग हळूच म्हणाली, "बोल ना. नुसते ओठ हलव. त्यांना दिसलं तर?"

मी ओठ हलवले नाहीत.

तिनं पर्यवेक्षकांकडं पाहिलं. ते रुमालानं मान पुसत होते. तिनं लिहायला सुरुवात केली.

तो प्रश्न उठावाचा होता. मंगलला तासभर सांगितला होता तोच. सगळं जिभेवर आलं होतं. कोण कुठं जमलं, कुणाला पकडलं, कुणाची बायको घरात वाट बघत राहिली. मी दातांनी जीभ धरून ठेवली. तोंड मिटून ठेवणं तुम्हाला सोपं वाटेल. माझी लाळ गळते, श्वास तोंडानं चालतो, मान डुलली की जबडा आपोआप उघडतो. सबंध पेपरभर तोंड मिटून ठेवायला मला जेवढे कष्ट पडले, तेवढे आयुष्यात बोलायला पडले नाहीत. गालफडं ठणकायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात येत नव्हता.

पर्यवेक्षक दोनदा आमच्या बाकापाशी आले. एकदा तर चांगले उभे राहिले. प्रणिताचं चाललेलं पेन पाहिलं, माझं मिटलेलं तोंड पाहिलं. आता विचारतील, आता विचारतील, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. ते वाकले, खिशातला रुमाल काढून त्यांनी माझे गाल पुसले आणि परत खुर्चीवर जाऊन बसले.

मला मिळालेला जादा वेळ संपला. पुरवण्या बांधल्या. बाहेर आण्णा मला उचलायला आले, तेव्हा पर्यवेक्षक त्यांना म्हणाले, "आज पोरीला अजिबात त्रास झाला नाही बघा. अगदी शांतपणे पेपर दिला."

निकाल जूनमध्ये लागला. मला ब्याऐंशी टक्के पडले. आमच्या घरात पेढे माझ्या हातानं वाटले, म्हणजे आईनं माझ्या हातात एकेक ठेवला आणि माझा हात पुढं केला. इतिहासात तर मी शाळेत पहिली. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, शेजारी डुबल सर.

शाळेनं सत्कार ठेवला. मंडप घातला, आमदारांच्या कुणा भावाला बोलावलं, आण्णांना फेटा बांधला. मुल्ला मॅडमना शाल दिली. त्यांनी ती घेतली आणि खुर्चीवर बसल्यावर घडी करून मांडीवर ठेवली, खाली बघत. प्रणिताचा उल्लेख "सहकार्य करणारी विद्यार्थिनी" असा झाला, ती रांगेत उभी राहून परत बसली. मग सर बोलले. जिद्द काय असते ते या मुलीकडून शिका, म्हणाले. जिला हात उचलता येत नाही, जिला नीट बोलता येत नाही, तिनं इतिहासासारख्या विषयात धडधाकट मुलांना मागं टाकलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. सर रंगात आले. माइक घेऊन माझ्यापाशी आले, खाली वाकले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून बोलले, "जयमाला बाळ, इतिहासात एवढे मार्क कसे मिळवलेस, ते सगळ्यांना सांग बघू."

माइक माझ्या तोंडासमोर होता. मी श्वास घेतला. मॅडमनी शिकवलं होतं तसंच, चार शब्द, थांब, पुढचे चार. सगळं नीट, सावकाश सांगितलं. त्या पेपरात मी तोंड उघडलं नाही. एक शब्द सांगितला नाही. हे मार्क माझे नाहीत, एकाही विषयातले नाहीत, आणि हे करायला या सरांनी लावलं. एवढं स्पष्ट मी आधी कधी बोलले नव्हते, नंतरही नाही. माझा आवाज कर्ण्यांतून पार वेशीपर्यंत गेला.

 मग सरांनी माइक काखेत धरून टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि अख्खा मंडप उठून उभा राहिला. मी बोलले, याचंच त्यांना कौतुक. लोक टाळ्या वाजवतच राहिले. मुलींच्या रांगेतून मंगल उठली आणि कुणाकडं न बघता मंडपाबाहेर गेली. आई पहिल्या रांगेत होती. ती तशीच बसून होती, दोन्ही हात मांडीवर, तिला शब्दन् शब्द कळला होता. शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं, अहो, तुमचीच पोरगी ना. मग आई उभी राहिली आणि तिनंही टाळ्या वाजवल्या.